कार्ड क्रमांक चार

१४ जानेवारी, बुधवार

‘आरोग्यसेवकांसाठी स्पॅनिश’. सलग सहावं वर्ष. बावीस मुलं. त्यांतल्या सोळाजणांना भाषा नको आहे, अर्जात लिहायला एक ओळ हवी आहे. हे ओळखायला मला दहा मिनिटं पुरली.

नर्सिंग विभागाचे प्रमुख हॉलस्टेड चार शब्द बोलून गेले. अकरा वर्षं कॅलिफोर्नियाच्या या खोऱ्यात काढली या माणसानं, आणि स्पॅनिश येतं ते एवढंच की संध्याकाळी पाच वाजतासुद्धा समोरच्याला ‘सुप्रभात’ म्हणतात. आज म्हणाले, भाषा म्हणजे पूल. दरवर्षी म्हणतात. पूल बांधणारीला मात्र जिन्याखालची खोली दिलीय, जिथं पूर्वी झाडू ठेवायचे.

पुस्तक तेच. त्यातले ते सेन्योर रामिरो बारा धड्यांत बारा वेळा आजारी पडतात. चौथ्यात पाय मोडतो, सातव्यात न्यूमोनिया होतो, दहाव्यात अपेंडिक्स फुटतं आणि बाराव्यात हा गृहस्थ सहकुटुंब सहलीला जातो! मी स्पेनमधल्या वायादोलिदच्या विद्यापीठात चौदाव्या शतकातल्या कवितेवर प्रबंध लिहिला. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मुलांकडून घोकून घेते आहे: कुठं दुखतं? कधीपासून दुखतं? पोट साफ होतं का?

असो. या वहीला तरी पोट नाही.

२१ जानेवारी

आजपासून नकली पेशंट.

ही हॉलस्टेडची आवडती कल्पना. गावातल्या सहा बायका दर बुधवारी येतात. फळांच्या शेडमध्ये पीच आणि प्लम निवडण्यात जन्म गेलेल्या. प्रत्येकीला एक कार्ड. कार्डावर आजार. त्यांना रुग्णालयातला झगा घालून पडद्याआडच्या खाटेवर बसवायचं. विद्यार्थी पांढरा कोट घालून येतो, आठ मिनिटांत चौकशी करतो, मी कोपऱ्यात बसून वीस चौकटींत खुणा करते. ‘स्वतःची ओळख करून दिली का?’ ‘दुखण्याची जागा विचारली का?’ रक्तदाबाचं यंत्रही खरं आहे, पण आकडा किती आला यासाठी चौकट नाही. ‘पट्टा बांधण्याआधी पेशंटला समजावून सांगितलं का?’ याला आहे.

मग विद्यार्थी अर्धं पान स्पॅनिशमध्ये नोंद लिहितो. मी लाल शाईनं तपासते. कागद माझ्या कपाटात जातात आणि तिथंच राहतात.

चार नंबरचं कार्ड एउफ्रासिया तिनोकोकडे. वयाच्या मानानं सगळे तिला ‘दोन्या’, म्हणजे बाईसाहेब, म्हणतात. पित्ताशयात खडे. वय अडुसष्ट, अंगानं रुंद, हात मोठे आणि कापऱ्या आवाजाला न शोभणारे. गेल्या वर्षी माझी सर्वांत चांगली पेशंट होती ती. यंदा काहीतरी बिघडलंय.

ब्रिएल नावाची मुलगी आहे, दातांच्या डॉक्टरची लेक. सहा मिनिटांत विसांपैकी वीस चौकटी. प्रश्न सुटे, स्वच्छ, ओळीनं लावलेले. उत्तर ऐकते की नाही देव जाणे, पण उच्चार ठीक आहेत.

तिच्यानंतर नेरेइदा ओचोआ. घरात स्पॅनिश बोलणारी, दुपारनंतर वृद्धाश्रमात मदतनिसाचं काम करणारी. घरी भाषा शिकलेली मुलं मला नको वाटतात. त्यांना वाटतं आपल्याला येतंच. ही खुर्ची ओढून बसली आणि विचारते काय, तर “आजी, तुमचं गाव कंचं?”

मग झालं. मेक्सिकोतल्या गेरेरो प्रांतातलं कुठलंसं डोंगरातलं गाव. तिथली ग्रामदेवता. नेरेइदाच्या आईची मावशी तिकडचीच निघाली. चार मिनिटं गेली! मी घड्याळावर बोट आपटलं. तेव्हा कुठं ती म्हणाली, “आणि झोप कशी लागते, आजी?”

“झोप व्हय? खुर्चीत लागती गं. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यागत हुतंय. म्हून बसूनच झोपतीया. नाताळापास्नं.”

कार्डावर खुर्ची नाही. छातीही नाही. उजव्या बरगडीखाली कळ, तळलेलं खाल्लं की वाढते, तीन आठवडे झाले. एवढं पाठ करायला काय जातं?

नेरेइदाला विसात सहा. नोंदीत पित्ताशयाचा उल्लेखही नाही. ‘खुर्चीत झोपते’ असं लिहून खाली रेघ मारलीय. मी त्यावर लाल रेघ मारली: कार्डाबाहेरचं.

४ फेब्रुवारी

सोमवारी तमालेसचा सण झाला, त्यातले उरलेले दोन्या एउफ्रासियानं आज आणले. मक्याच्या पिठाचे, मक्याच्याच पानात गुंडाळून वाफवलेले, पिशवीतून तेल गळत होतं. चाचणीच्या खोलीत खाणं चालत नाही, असं मी सांगितलं. “व्हय बाई, घरी न्या,” म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात कोंबली. मग माझ्या गालाला हात लावून, “जेवता का न्हाई बाई तुमी? गालफडं बसल्यात.”

मुलांसमोर! मी कागद चाळत राहिले.

पायात तिनं मुलाच्या सपाता घातल्या होत्या, जाड मोज्यांवरून. विचारलं तर म्हणे बूट चढत नाहीत. निदान कॉलेजात येताना तरी नीटनेटकं यावं. माझी आई रेशनच्या काळातसुद्धा चांभाराकडून बूट चमकवून घ्यायची.

तमालेस घरी उभ्याउभ्याच खाल्ले. चार. मिरची फार होती.

११ फेब्रुवारी

नेरेइदा तास संपल्यावर खोलीत आली. बसली नाही.

“मॅडम, त्या आजी सोंग करत नाहीयेत.”

“मग फारच वाईट. सोंग करायलाच बोलावलंय त्यांना.”

“नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडतो. मी मोजलं. नवापर्यंत भरून आला नाही.”

“ते मी वाचलं. त्या एका वाक्यात तुझ्या दोन चुका आहेत.”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच परकी भाषा बोलत होते. मग म्हणाली, “आमच्या वृद्धाश्रमात असे पाय असलेल्या दोघी होत्या.”

“होत्या म्हणजे?”

“होत्या म्हणजे होत्या, मॅडम.”

या वयाच्या मुलींना नाट्य फार आवडतं. तरी मी हॉलस्टेडना विचारलं. आपण वैद्यकीय मत द्यायचं नाही, ते म्हणाले, विम्याचा घोळ होतो. आणि बायकांनी सही केलेलीच आहे की. खरं आहे. ‘येथे होणारी तपासणी ही उपचार नव्हे’ हे संमतिपत्र मीच भाषांतरित केलं होतं. एक पानभर, एकच वाक्य, चार पोटवाक्यं, एकही शब्द बाजारातला नाही. हॉलस्टेडना ते फार आवडलं होतं. त्यांना ते वाचता येत नाही. बायकांनी एका मिनिटात सह्या केल्या, त्याअर्थी त्यांना अडचण आली नसावी.

१८ फेब्रुवारी

राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपासांचा पहिला दिवस. सगळ्या बायका कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आल्या. ब्रिएलनं एकीला विचारलं, “तुम्हांला काही लागलंय का?” आणि ‘सहानुभूती दाखवली’ ही चौकट मिळवली. मी हसू दाबलं. नियमानं खूण करावी लागली.

दोन्या एउफ्रासिया वीस मिनिटं उशिरा. चाचणीची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. मी खाली बघायला गेले तर बाई जिन्याच्या वळणावर कठड्याला धरून उभी, जणू खालची बाग बघतेय. “बघा की बाई, बदामाला किती फुलं आल्यात,” म्हणाली. एवढंच बोलायला तिला चार वेळा थांबावं लागलं. लिफ्टची किल्ली माझ्या कमरेलाच होती, पण उरल्या होत्या दहाच पायऱ्या.

पुन्हा तेच. खुर्ची, छाती, आता वर “आंगठी रुतती”. नेरेइदाला पाच.

२५ फेब्रुवारी

आज सोक्षमोक्ष लावला. दोन्या एउफ्रासियाला माझ्या खोलीत बसवलं, कॉफी दिली आणि शांतपणे सांगितलं.

“तुम्ही कार्डावरचं बोलत नाही. पोरीनं प्रश्न विचारला की तुम्ही मनाचं सांगता. तिचे मार्क जातात. असंच चाललं तर पुढच्या सत्रात तिला जागा मिळणार नाही. शंभरात सत्तर लागतात.”

तिनं कप खाली ठेवला. “माज्यामुळं व्हय?”

“हो.”

“अगं बया.” हातांनी झग्याच्या नाड्या पिळत बसली. “पोर लई गुणाची हाय बाई. इचारती, मग गप बसून ऐकती. मला वाटलं इचारलं तर खरं सांगावं.”

“कार्डावरचं सांगा. फक्त तेवढंच. कुणीही, कितीदाही विचारलं तरी.”

“व्हय बाई.”

या बायकांचं हे ‘व्हय बाई’ मला सर्वांत असह्य होतं. कशालाही व्हय. डॉक्टर म्हणाला व्हय, फोरमन म्हणाला व्हय, पाद्री म्हणाला व्हय. पण आज ते माझ्या कामाला आलं.

जाताना दारात थांबून तिनं विचारलं, “माजे कागद तुमच्याकडंच असत्यात न्हवं? समद्या पोरांनी लिव्हल्याले?”

“सगळे. पहिल्या दिवसापासूनचे.”

“मग झालं तर.” चेहरा एकदम निवळला. जुन्या कामगार बायकांना नोंदींचं फार असतं.

४ मार्च

दोन्या एउफ्रासिया अप्रतिम! उजवी बरगडी, तळलेलं, तीन आठवडे. शब्दाला शब्द. नेरेइदानं तीन वेळा वेगवेगळ्या रीतीनं विचारलं, “आणि झोप, आजी?” तिन्ही वेळा उत्तर: “झोप झ्याक लागती, पोरी. बरगडीखालीच काय ते दुखतंय.” म्हणताना नेरेइदाचा हात धरून थोपटत होती, जणू पेशंट नेरेइदाच.

नेरेइदाला बारा. पहिल्यांदाच दोन आकडी गुण. मी ‘प्रगती’ असं लिहिलं. तिनं कागद बघितला आणि घडी करून दप्तरात कोंबला. कृतघ्न.

तिच्या नोंदीचं शेवटचं वाक्य: ‘आज पेशंट खोटं बोलली, हे मला का ते कळत नाही.’ मी खाली लिहिलं: वाक्यरचना इंग्रजी वळणाची.

११ मार्च

नेरेइदा आजीला तिच्या घरून उचलून सरकारी दवाखान्यात न्यायला तयार होती म्हणे. म्हातारी ऐकेना. नेरेइदा मला सांगत होती, आवाज चढलेला.

“त्या म्हणतात, दवाखान्यात कशाला? दर बुधवारी कॉलेजात जातेच आहे मी. तिथं काय कमी आहे?”

काय सांगू, मला आत कुठंतरी बरं वाटलं. एवढ्या वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं की तुझ्या वर्गात काही कमी नाही. स्वतःलाच म्हटलं, बेगोन्या, तू इतकी भुकेली आहेस की म्हातारीच्या एका वाक्यावर जेवलीस.

“मॅडम, तुम्ही त्यांना सांगा. तुमचं ऐकतील.”

“मी भाषा शिकवते, नेरेइदा. आणि तूही इथं भाषाच शिकायला येतेस.”

पुढच्या आठवड्यापासून तिला तीन नंबरच्या कार्डावर बदललं. एका पेशंटमध्ये इतकं गुंतणं बरं नव्हे. वार्षिक परीक्षेलाही तिला तीनच नंबर.

२५ मार्च

वार्षिक प्रात्यक्षिक. हॉलस्टेडनी तीन पाहुणे आणले होते, सूट घातलेले, हातात पाण्याच्या बाटल्या. ते चार नंबरच्या पडद्याआड उभे राहिले. ब्रिएलनं साडेपाच मिनिटांत वीस चौकटी केल्या आणि दोन्या एउफ्रासिया पुतळ्यासारखी सरळ बसून कार्ड बोलली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या हे त्यांना विचारलं असतं तर एकालाही सांगता आलं नसतं.

ओठांना कसलासा जांभळट रंग लावून आली होती बाई. या वयात! पाहुणे येणार हे मीच सांगितलं होतं, त्यामुळे दोष माझा.

नेरेइदाला एकूण अठ्ठावन्न. तीन नंबरच्या कार्डाला वेळेत सगळं विचारलं, पण मधेच पडद्याबाहेर डोकं काढून चार नंबरकडे बघत होती. ‘लक्ष पेशंटकडे’ ही चौकट रिकामी ठेवावी लागली. नापास. यादी लावली. वाईट वाटलं, पण वाईट वाटण्यालाही चौकट नाही.

१ एप्रिल

दोन्या एउफ्रासिया आली नाही. निरोप नाही, काही नाही. ईस्टरआधीचा पवित्र आठवडा, मिरवणुकांचा तमाशा सगळा; त्यातच असणार. झग्याची घडी करून ठेवली.

९ एप्रिल, सकाळी

काल जे झालं ते ओळीनं लिहायचं ठरवलं आहे.

दुपारी दोनला एक बाई खोलीच्या दारात. चाळिशीची, शेडमधला एप्रन अंगावरच. “मी मारिसेला. एउफ्रासिया तिनोकोंची मुलगी. आईचे कागद न्यायला आले.”

“कुठले कागद?”

“तपासणीचे. परवा रात्री आईला दम लागला, इस्पितळात नेलं. तिथं विचारतायत, हिचे डॉक्टर कोण, आधी कुठं दाखवलं. आई म्हणते, कॉलेजात. म्हणते, बाईंकडे सगळं आहे पहिल्या दिवसापासूनचं.”

मी म्हणणार होते की विद्यार्थ्यांचे कागद बाहेर देता येत नाहीत. तोंडात आलंही होतं.

ती म्हणाली, “मी कितीदा म्हटलं हो, आई, दवाखान्यात चल, मी रजा टाकते. तर म्हणायची, रजा कशाला? दर आठवड्याला पांढऱ्या कोटातली पोरं तपासतात, पट्टा बांधतात, सगळं लिहून ठेवतात, आणि बाई स्वतः समोर बसून बघत असतात. काही वाईट असतं तर बाई बोलल्या नसत्या का?”

कपाट उघडलं. तिच्या नावाचा गठ्ठा बोटभर जाड होता.

नेरेइदाला फोन केला. का केला, ते मला सांगता येत नाही. ती वृद्धाश्रमातून निघून माझ्या आधी पोचली.

इस्पितळात दोन्या एउफ्रासिया सर्जरीच्या वॉर्डात होती. पित्ताशयासाठी! उपाशी ठेवलेलं, हाताला सलाईन. तिला दाखल करून घेणारा मुलगा तिथंच होता, मार्कोस. माझा गेल्या वर्षीचा विद्यार्थी. मला बघून हसला. “मॅडम! मीच विचारलं सगळं, स्पॅनिशमध्ये. एकही प्रश्न सोडला नाही, तुम्ही शिकवलेल्या क्रमानं. सहा मिनिटांत झालं. उजवी बरगडी, तळलेलं, तीन आठवडे. तपासणीत खडेही दिसले.”

पांढरा कोट. हातात पत्रक. तेच प्रश्न, त्याच ओळीनं. तिला वाटलं असणार, ही परीक्षाच आहे.

मी जवळ गेले. ती उशांना टेकून बसली होती, मान पुढं, श्वासाला शीळ येत होती. मला बघून हसली. मी म्हटलं, “दोन्या एउफ्रासिया, यांना छातीचं सांगा. खुर्चीचं सांगा.”

तिनं माझ्याकडे बघितलं, मग मार्कोसकडे, मग त्याच्या हातातल्या पत्रकाकडे. आणि मला डोळा मारला. म्हणाली, “छाती बरी हाय. उजव्या... बरगडीखाली... तळल्यालं...”

“कार्ड संपलं! आता खरं सांगा!”

“व्हय बाई,” म्हणाली. आणि पुन्हा, “उजव्या बरगडीखाली.”

मी तिला अडकवायला बघतेय असं वाटलं तिला. नेरेइदाही आत आली होती, पोरीचे मार्क जातील म्हणून म्हातारी आणखीच निग्रहानं बोलत होती. माझ्या डोळ्यांसमोर पोरीला वाचवायला निघालेली ही बाई स्वतः बुडत होती, माझ्या शिकवणीनं.

नेरेइदानं तिला काहीच विचारलं नाही. पांघरूण बाजूला केलं, नडगीवर अंगठा दाबला. सलाईनच्या बाटलीकडे बघितलं. मग मार्कोसला इंग्रजीत, हळू आवाजात, “हे पाणी बंद करायला सांगा. हृदय आहे हे. तुम्ही तिच्यात पाणी भरताय.”

“तू कोण?”

“मॅडम, कागद द्या.”

मोठी डॉक्टर आली, पन्नाशीची, केस विस्कटलेले. तिनं उभ्याउभ्याच गठ्ठा वाचला. नेरेइदाच्या नोंदी आपोआप वेगळ्या होत गेल्या. नाताळापासून खुर्चीत झोप. बूट चढत नाहीत. अंगठी रुतते. खळगा, नवापर्यंत. पुढं, बारापर्यंत. एका जिन्यात चार थांबे. रक्तदाबाचे आकडे, जे लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरनं वाचतावाचताच सलाईन बंद करायला सांगितलं, दुसरं इंजेक्शन मागवलं, हृदयाच्या विभागाला फोन लावला. मग विचारलं, “ही तर आठ आठवड्यांची तब्येत आहे, तारीखवार. इतकं बघणारं कुणी होतं, तर बाईला पाठवलं का नाही?”

तिनं पान उलटलं.

“आणि हे लाल शाईत कोण लिहितं? ‘कार्डाबाहेरचं. उणे दोन.’ हे काय आहे?”

“मी,” मी म्हटलं. “मी भाषा शिकवते.”

तिनं माझ्याकडे फार वेळ बघितलं नाही. तिला काम होतं.

१० एप्रिल

श्वास थोडा सुटलाय म्हणे. अजून सांगता येत नाही. मला आत सोडत नाहीत, फक्त घरचे. नेरेइदाला सोडलं. मारिसेलानं सांगितलं, ही घरचीच.

१५ एप्रिल

हृदयाचा विभाग सोडून साध्या वॉर्डात आणलं. जगेल. हृदय निम्म्याच ताकदीनं चालतंय, जिने बंद, मीठ बंद, पण जगेल.

नेरेइदाला खोलीत बोलावून म्हटलं, तुझे गुण मी बदलते आहे.

“कुठल्या चौकटीत, मॅडम?”

एवढं विचारून ती निघून गेली. गुण मी बदललेच. पंच्याण्णव. यादी पुन्हा लावली. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

२२ एप्रिल

हॉलस्टेडना वर्तमानपत्रात द्यायला मजकूर हवा आहे. ‘भाषेनं वाचवला जीव: कॉलेजच्या अभिनव उपक्रमाचं यश’. मसुदा मला दाखवला. त्यात मी ‘दूरदर्शी मार्गदर्शक’ आहे. पाहुण्यांपैकी एकानं पुढच्या वर्षी बारा नकली पेशंटांची शिफारस केलीय.

मी विचारलं, “संमतिपत्राचं काय करायचं?”

“का? ते तर उत्तम आहे.”

मी म्हटलं, माझं नाव काढा. ते म्हणाले, किती विनयशील आहात तुम्ही! आणि निघताना, दुपारी साडेचारला, सुप्रभात म्हणाले.

संमतिपत्र पुन्हा लिहायला बसले. ‘इथं तुम्हांला कुणी तपासत नाही.’ एवढंच लिहायला संध्याकाळ गेली. ते एकच वाक्य आहे खरं तर. सगळ्यांना कळलं असतं.

२९ एप्रिल, बुधवार

दोन्या एउफ्रासियाला भेटायला गेले. मारिसेलाचं घर, रेल्वेच्या पलीकडे. अंगणात बोगनवेल, दारात तीन लहान सायकली. ती आरामखुर्चीत बसलेली, पाय उंच ठेवलेले, निम्मी झालीय. मला बघून उठायला लागली. मी नको नको म्हणेपर्यंत उठलीच.

“पोर पास झाली न्हवं, बाई?”

“झाली. पंच्याण्णव.”

“देवा!” तिनं हात जोडले. “मला घोर लागला हुता. इस्पितळात बी म्या कार्ड सोडलं न्हाई, बगा. तुमी केवढं फिरवून इचारलं!”

मारिसेला स्वयंपाकघरात थांबली. भांड्यांचा आवाज बंद झाला.

मी सांगायला गेले होते, आणि न सांगता परत यायचं धैर्य मला नव्हतं. म्हटलं, “दोन्या एउफ्रासिया, इस्पितळातलं खरं होतं. कॉलेजातलं खोटं. ते कागद कुठं जात नव्हते. कुणी डॉक्टर ते वाचत नव्हता. माझ्या कपाटात पडून असायचे. मी त्यांत फक्त मुलांच्या भाषेच्या चुका काढत होते. कॉलेजात तुम्हांला कुणी तपासत नव्हतं.”

ती ऐकत राहिली. तिला कळायला वेळ लागला असं मला आधी वाटलं. तसं नव्हतं. ती एकेक बुधवार मनात मोजत होती.

“म्हंजी म्या दर बुधवारी त्यो जिना चढून येत हुते,” ती म्हणाली, “आनि मला कुनीच बघत नव्हतं?”

“नेरेइदा बघत होती.”

“आनि तुमी?”

“मी तिला नापास केलं.”

बाहेर मुलं सायकलींवरून भांडत होती. दोन्या एउफ्रासिया खाली बसली, पाय पुन्हा स्टुलावर ठेवले, शालीच्या टोकानं कपाळ पुसलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ती नेहमीसारखीच, अतिशय अदबीनं हसली आणि स्वयंपाकघराकडे वळून म्हणाली,

“मारिसेला, बाईस्नी उशीर हुतोय गं. दारापातूर सोड त्यांना.”

मला कुठंही जायचं नव्हतं. मी उठले.